दोन आवाजांच्या मधला मी

मी एक जुना मिक्सर आहे. मित्रांनो, लगेच स्वयंपाकघराकडे पाहू नका. सकाळी सकाळी घरघर करून सगळ्यांची झोप मोडतो, तो निराळा. त्याचे आणि माझे फक्त नाव एक. तो जिन्नस वाटतो, मी गाणी मिसळतो. माझ्या डावीकडे एक तबकडी फिरते, उजवीकडे दुसरी. दोघींचे सूर तारांमधून माझ्या पोटात येतात. माझ्या छातीवर एक सरकते बटण आहे. ते ज्या बाजूला न्याल, त्या बाजूचे गाणे मोठे होते. अगदी मधोमध ठेवले तर दोन्ही गाणी एकदम ऐकू येतात. ती मधली जागा मला फार आवडते. मला स्वतःचा आवाज नाही. पण बटण मधोमध आले की मला वाटते, आपणच गातो आहोत.

माझा जन्म एका लांबट शेडमध्ये झाला. खिडक्यांच्या कडेने बायका रांगेत बसून तारा जोडायच्या. शेवटच्या टेबलाशी तपासणी करणाऱ्या बाई होत्या. त्यांनी मला सुरू केले, कानाला हेडफोन लावला आणि डोळे मिटले. मी घाबरून गप्प राहिलो. त्या शेजारणीला म्हणाल्या, "अगं, याच्या पोटात जराही खरखर नाही. गप्प बसायला छान येतं याला." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. गप्प बसल्याबद्दल शाबासकी मिळालेली माझ्याशिवाय दुसरी वस्तू मला तरी ठाऊक नाही.

पुढची काही वर्षे मी भाड्याने फिरलो. आज या कार्यक्रमात, उद्या त्या. खोक्यात घालायचे, टेम्पोत आदळायचे, काम झाले की परत खोक्यात. एकदा कोणीतरी माझ्यावर अख्खा ग्लासभर सरबत सांडले. बटणे चिकट झाली, डावा कान बंद पडला, आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून मला एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने उचलून आणले. त्यांनी ब्रश घेऊन माझी एकेक फट साफ केली आणि मला आपल्या मुलीच्या हाती दिले.

त्या मुलीला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणी एका जागी बसत नसे, म्हणून पडलेले नाव. मोठी झाली तरी नाव सुटले नाही, आणि बसायलाही ती शिकली नाही. दर रविवारी, दुपारची जेवणे आटोपली की सायकलच्या दुकानावरच्या लांब खोलीत ती गाणी लावायची आणि लोक नाचायला यायचे. रुग्णालयातली कामाची पाळी संपवून आलेल्या परिचारिका यायच्या. कडेवर बाळ घेतलेल्या आया यायच्या. एक निवृत्त तिकीटमास्तर यायचे. ते नाचायचे कमी आणि इतरांच्या पावलांच्या चुका जास्त काढायचे.

भिंगरीला गाण्यावर गाणे बसवण्याचे वेड होते. याला आता मॅशअप म्हणतात. एका गाण्याचा ताल घ्यायचा, दुसऱ्याचा आवाज, आणि दोघांचे असे जमवायचे की ऐकणाऱ्याला वाटावे, ही तर जन्मापासून एकत्र होती. एक कान हेडफोनमध्ये, दुसरा खोलीकडे, बोटाचे टोक फिरत्या तबकडीच्या कडेवर. बोट जरासे टेकवले की गाणे हळू व्हायचे. अशा वेळी तिचे डोळे कुठेतरी दूर लागलेले असायचे. माझ्या पोटात दोन नद्या मिळाल्यासारखे व्हायचे.

त्या काळी दोन गायिका बहिणींची गाणी घराघरांत असत. लोक त्यांना थोरल्या बाई आणि धाकट्या बाई म्हणत. सुरुवातीला दोघी एकत्र गायच्या. मग काहीतरी बिनसले, आणि तीस वर्षांत त्या एकमेकींच्या दारातही उभ्या राहिल्या नाहीत. काय बिनसले ते कोणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे त्यावर बोलायला सगळेच मोकळे होते.

एका रविवारी भिंगरीने डावीकडे थोरल्या बाईंचे गाणे लावले. ते फार संथ होते. त्यात त्या पुन्हा पुन्हा विचारत, "कधी येशील गं?" उजवीकडे धाकट्या बाईंचे लावले. ते वेगळ्या वर्षीचे, वेगळ्या चालीचे आणि पळते गाणे होते. भिंगरीने थोरल्या बाईंचे गाणे वेगाने फिरवले, दुसरे किंचित रोखले आणि माझे बटण मधोमध आणले. डावीकडून प्रश्न आला, "कधी येशील गं?" आणि त्याच क्षणी उजवीकडून उत्तर आले, "निघाले गं, निघाले मी."

मित्रांनो, खोलीतली पावले थांबली. कडेवरची बाळेसुद्धा गप्प झाली. तिकीटमास्तरांनी चष्मा काढला आणि ते तो बराच वेळ पुसत राहिले. गाणे संपल्यावर ते पहिल्यांदाच कोणाची चूक न काढता म्हणाले, "पोरी, परत लाव."

एका परिचारिकेने ते फोनवर टिपून घेतले होते, आणि भिंगरीने ते इंटरनेटवर टाकले. आठवडाभरात ते गावोगाव पोचले. बसमध्ये, दुकानांत, न्हाव्याच्या खुर्चीपाशी तेच गाणे. लोक लिहीत, "हे ऐकून मी माझ्या भावाला फोन केला." तर कोणी त्याच्याखाली धडाड्धूम ढोल घातले, कोणी थोरल्या बाईंचा आवाज चिमणीसारखा करून टाकला. मग वर्तमानपत्रांतून भांडण पेटले. एका वृद्ध संगीत शिक्षकांनी लिहिले, "दुसऱ्याच्या घरात शिरायचं, भिंत पाडायची, आणि वर म्हणायचं, बघा कसं हवेशीर झालं!" त्यावर एका कॉलेजातल्या मुलीने उत्तर दिले, "भिंत नाही हो पाडली, दार उघडलं." मला दोघांचेही पटले. मधोमध राहायची सवय ना!

भिंगरी मात्र हवेत होती. एका संध्याकाळी तिच्या वडिलांनी चहाचा कप खाली ठेवत विचारले, "त्या दोघींना विचारलं होतंस का गं?"

"सगळेच करतात असं, बाबा."

"सगळ्यांचं नाही विचारत मी. तुझं विचारतोय."

ती वायर गुंडाळत राहिली. गुंडाळून झाली तरी पुन्हा सोडून गुंडाळत राहिली.

त्यानंतर तीनच दिवसांनी थोरल्या बाईंचे पत्र आले. दोन ओळींचे. "मी हे गायलेले नाही. बंद करावे." आणि त्याच आठवड्यात धाकट्या बाईंचा फोन आला. त्या दूरच्या गावी राहत होत्या. एका आजारपणात त्यांचा गळा गेला होता. बोलणेही कुजबुजल्यासारखे. त्या म्हणाल्या, "तीस वर्षांनी ताईबरोबर गायले गं मी. काढू नकोस ते."

एक म्हणते ठेव, दुसरी म्हणते काढ. भिंगरी दोन दिवस नीट जेवली नाही. शेवटी तिने धाकट्या बाईंना फोन लावला आणि म्हणाली, "गाण्यात दोघी आहात. एकीचा नकार असताना मी ते ठेवू शकत नाही. मला माफ करा."  पलीकडून फोन बंद झाला. भिंगरीने गाणे काढून टाकले, ज्यांनी ज्यांनी उचलले होते त्यांना काढायला सांगितले. काहींनी ऐकले, पुष्कळांनी नाही. तिने थोरल्या बाईंना स्वतःच्या हाताने चार पानी पत्र लिहिले. मग माझ्यावर कापड टाकले आणि रविवारचा नाच थांबला.

ते दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. कापडातून उन्हाचा तुकडा झिरपायचा, माझ्यावरून हळूहळू सरकायचा, संपायचा. खाली सायकलींच्या घंट्या वाजायच्या. मला वाटायचे, कुठेतरी कोणीतरी विचारते आहे आणि कोणीतरी उत्तर देते आहे, फक्त त्यांच्यामध्ये आता मी नाही. धूळ पहिल्यांदा टोचते, मित्रांनो. नंतर तिची सवय होते, आणि तेच जास्त वाईट.

मग थोरल्या बाईंचा निरोप आला. "ज्यावर हे केलंस ते यंत्र घेऊन ये. मला पाहायचं आहे."

भिंगरी मला मांडीवर, आणि तबकड्या फिरवायची यंत्रे नि छोटा स्पीकर पायाशी घेऊन बसने गेली. सकाळची वेळ होती. थोरल्या बाईंची खोली स्वच्छ, मोजक्या वस्तूंची. भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढलेला, कारण त्याची टिकटिक त्यांना बेताल वाटायची. त्यांनी मला टेबलावर ठेवायला सांगितले आणि चष्मा लावून निरखले.

"एवढंसंच?" त्या म्हणाल्या. मग भिंगरीकडे वळल्या. "माझं गाणं तू पळवलंस."

"हो."

"ते गायले तेव्हा आई आजारी होती. रोज तिच्या उशाशी बसून, मग गायला जायचे. मला घाई करताच येत नव्हती, म्हणून ते हळू आहे. तुला ठाऊक होतं?"

"नाही."

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

भिंगरीची मान खाली गेली. थोरल्या बाई म्हणाल्या, "लाव. मी पुरतं ऐकलेलंच नाही अजून. दोन ओळी ऐकूनच बंद करायला लावलं होतं."

तबकड्या फिरू लागल्या. प्रश्न आला, उत्तर आले. थोरल्या बाई ताठ बसून होत्या. मग दुसऱ्या कडव्याच्या आधी त्यांनी हात वर केला. "ऐकलंस? तिने श्वास घेतला. तिथेच घेते अजून. वडिलांनी आम्हा दोघींना तिथेच घ्यायला शिकवलं होतं." त्या पुढे झुकल्या. "हे बटण कशाचं?"

"कोणाचा आवाज पुढे, कोणाचा मागे, ते ठरवायचं."

"तेव्हा मायक्रोफोन एकच असायचा," त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "मी समोर उभी राहायचे. ती दर वेळी म्हणायची, ताई, थोडी सरक ना. मी कधी सरकले नाही. थोरली होते ना! भांडण म्हणशील तर एवढंच."

त्यांचे बोट माझ्या छातीवर आले.  असंख्य बोटे माझ्यावरून फिरली आहेत, पण एवढे जड बोट मी कधी अनुभवले नाही. त्यांनी बटण हळूच उजवीकडे सरकवले. त्यांचा स्वतःचा आवाज मागे गेला, आणि धाकट्या बाईंचा आवाज सगळ्या खोलीभर झाला.

गाणे संपल्यावर त्या म्हणाल्या, "तिचा नंबर आहे ना तुझ्याकडे? लाव."

भिंगरीने फोन लावून त्यांच्या हातात दिला. पलीकडून कुजबुजता आवाज आला, "कोण?"

थोरल्या बाईंनी दोनदा घसा साफ केला. "मी आहे," त्या म्हणाल्या. "जेवलीस का?"

भिंगरी मला तिथेच ठेवून बाहेर पायरीवर जाऊन बसली. पुढचे मी ऐकले, पण ते सांगणार नाही. गप्प बसायला मला छान येते.

त्या गाण्याला पुढे थोरल्या बाईंनी परवानगी दिली, पण अट घातली. त्यांचे गाणे पळवायचे नाही. धाकट्या बाईंचे गाणे थोरल्या बाईंच्या गाण्याच्या गतीने चालवायचे. ते जमवायला भिंगरीला तीन आठवडे लागले. नवे गाणे पहिल्याइतके कोणाला आवडले नाही. ढोलवाले गाणेच अजून जास्त वाजते, आणि ते थांबवणे आता कोणाच्याच हातात नाही.

मित्रांनो, गाणी एकमेकांना भेटावीत असे मला मनापासून वाटते. त्याच कामासाठी तर मी जन्मलो. पण एखादे गाणे उचलण्याआधी गाणाऱ्याचे दार वाजवा. आत कोणी आजारी आईच्या उशाशी बसलेले असेल. आणि "नाही" असे उत्तर आले, तर ते ऐकायची तयारी ठेवा.

रविवारचा नाच पुन्हा सुरू झाला आहे, पण आता भिंगरी आधी पत्र लिहिते. गेल्या महिन्यात एका म्हाताऱ्या नावाड्याने, ज्याचे एकच गाणे कधीकाळी तबकडीवर आले होते, तिला नाही म्हणून कळवले. त्या रविवारी तिने ती तबकडी मऊ कापडाने पुसली आणि लावली. ती एकटीच, दुसरी तबकडी न जोडता. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. मला त्या दिवशी काहीच काम नव्हते. खोलीत सगळे उभे होते, आणि त्यांच्याबरोबर मीही ऐकत होतो.