दुसरी ताटली

ताटलीच्या काठावर एक मुंगी चढली होती. काठाकाठानं फिरून ती पुन्हा तिथंच येत होती, पण आत उतरत नव्हती — आत घारगे होते, केळं होतं, कलेजीचा सुकलेला तुकडा होता... मिलका भिंतीला टेकून बघत राहिली. दोन ताटल्या. काल दिवस मावळायच्या आधी मामंजींनी स्वतः ऊद जाळून त्या कोपऱ्यात मांडल्या होत्या. एक सासूबाईंची, दर वर्षीची. आणि दुसरी — दुसरीबद्दल ते बोलले नाहीत, तिनंही विचारलं नाही. विचारायचं काय? दारफाळणीच्या, दार लावून बसायच्या सणाला घरातले गेलेले परत येतात, दिवसभर आपल्यात बसतात, दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, निरोप घेतात; म्हणून त्यांचं पान मांडायचं, हे तिला परकर नेसत होती तेव्हापासून ठाऊक होतं. जिवंत माणसाचं पान कोणी मांडत नाही.

तिचा नवरा रूबेन ब्रह्मदेशाच्या लढाईत बेपत्ता आहे, एवढंच लष्करानं कळवलं होतं. बेपत्ता... हा एक शब्द तिनं सगळा पावसाळा पोटाशी धरून काढला होता, आणि म्हाताऱ्यानं काल एका ताटलीनं तो हिसकावून घेतला.

दार कालपासून बंद होतं, खिडक्याही. कोंडलेल्या हवेत उदाचा वास अजून होता. बेळगावच्या कॅम्पातल्या या गल्लीत बेने इस्राएल ज्यूंचं हे एकच घर, पण शेजाऱ्यांना सवय झाली होती — आज नवगावकरांच्या दारात जायचं नाही, त्यांना शिवायचं नाही. आज ती माणसं पांढरे कपडे घालून, पाण्याचा थेंबही न घेता, देवाला वर्षाचा जाब देत बसतात. म्हणून दारावर थाप पडली तेव्हा ती उठून उभी राहिली.

"मिलकाक्का! म्या नागुबाई." कंग्राळीची दूधवाली. "ठाव हाय मला, आज तुमचं दार बंद. उगडू नगा. पर आमचा भरमा लढाईवरनं आलाय न्हवं गावाकडं! पायात गोळी लागलीया त्येच्या. तुमच्या मालकांसंगं एकाच दवाखान्यात हुता म्हणं. सांजच्याला हिकडं येतो म्हणालाय, काय तर सांगायचं हाय त्येला."

काय? काय सांगायचंय? — मिलका कडीपर्यंत पोचली होती. मागं मामंजींचं प्रार्थनेचं पुटपुटणं थांबलं.

"मला काय बी बोलंना झालाय त्यो," बाहेरून नागुबाई म्हणाली, आणि मग तिच्या पावलांचा आवाज लांब गेला.

कडी हाताला गार लागत होती. उघडावं, धावावं, कंग्राळी काय लांब आहे? मामंजी काही बोलले नाहीत. बोलले असते तर तिनं नक्की उघडलं असतं. ती परत येऊन भिंतीशी बसली.

चांगली बातमी असती तर भरमानं नागुबाईला सांगितली नसती का? गावभर ओरडत आला असता. पण वाईट असती, तर लंगडत्या पायानं इथवर कशाला येईल — आणि वाईट बातमीच तर माणूस स्वतःच्या तोंडानं सांगायला येतो... लग्नानंतरच्या पहिल्या दारफाळणीला रूबेन इथंच, तिच्या शेजारी, उपासानं सुकलेल्या ओठांनी हळूच म्हणाला होता, "आपलं दार लागलेलं असतं तोवर देवाचं उघडं असतं. काय मागायचं ते मागून घे. संध्याकाळी आपलं उघडतं, त्याचं लागतं." तेव्हा तिनं काय मागितलं होतं? आठवेना. आणि आज मागायचं तरी काय? तिकडं जे व्हायचं ते कधीच होऊन गेलं असणार, भरमाच्या तोंडात ते तयार आहे. झालेलं मागून बदलतं का?

उन्हाची तिरीप भिंतीवरून सरकत वर गेली, पिवळी झाली. आणि एकदम तिच्या तोंडून निघून गेलं —

"दुसरी ताटली कोणाची, मामंजी?"

म्हाताऱ्यानं पुस्तक मिटलं.

"तो जिवंत असला तर ताटली वाया गेली. एवढंच ना?" ते म्हणाले. "पण गेला असला... तर लांबून चालत घरी यायचा, आणि दिवसभर आईच्या पानाकडं बघत उपाशी बसायचा. मला नाही बघवलं ते, पोरी."

म्हणजे यांनाही ठाऊक नाही. कालपासून ती ज्यांच्यावर दात ओठ खात होती, तो माणूस रात्रभर तिच्यासारखाच, तिच्याइतकाच...

तिरीप विझली. गल्लीत काठीचा आवाज झाला. एक पाऊल, एक काठी... दाराशी येऊन थांबला. कोणीतरी जडपणे पायरीवर बसलं, खोकलं, आणि नागुबाईनं सांगून ठेवलं असावं म्हणून गप्प वाट बघत राहिलं.

मामंजींनी फटीतून बाहेर पाहिलं. तारे दिसले की सण संपतो, दार उघडायचं; दिसले की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, तिनं विचारलं नाही. सकाळपासून ती याच क्षणाकडं धावत होती, आणि आता पाय उचलत नव्हते. ती सरकत त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"शेवटची प्रार्थना राहिलीय ना, मामंजी?"

"झाली म्हणून."

"पुन्हा म्हणा."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं. मग पुस्तक न उघडताच सुरुवात केली, आणि अर्थ न कळणारा एकेक शब्द ती त्यांच्यामागून म्हणू लागली — सावकाश, ताणून, जमेल तितका लांबवत.