सतरा नंबरची जागा

मी बायकांचे कपडे शिवते. एकवीस वर्षं झाली, आणि या एकवीस वर्षांत दुसऱ्याने घेतलेल्या मापावर मी कधी कात्री लावली नाही. ‘माझ्या बहिणीने माप लिहून दिलंय’ म्हणत कुणी चिठ्ठी पुढे केली, की मी ती परत करते आणि म्हणते, बहीण घालणार असेल तर तिला पाठवा. गिऱ्हाइकं रागावतात. रागावू देत.

घर घ्यायचं होतं ते बाबांसाठी. बाबांनी जन्मभर बस चालवली. दीड वर्षापूर्वी जिन्यात पडले, डावा गुडघा मोडला, जोडला, पण वाकायचा तो वाकेना. उजवा पाय मात्र ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, क्लच नसलेली गाडी खुशाल चालवा. तशी एक जुनी छोटी गाडी आम्ही घेतलीही. पण आम्ही राहायला तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चोपन्न पायऱ्या. गाडी खाली आणि बाबा वर. खिडकीत बसून ते तिच्यावर नजर ठेवायचे, कुणी तिला टेकून उभं राहिलं की वरून खेकसायचे. मला ते बघवत नसे.

नव्या इमारतीत लिफ्ट थेट तळघरातल्या पार्किंगपर्यंत जात होती. बाबांनी घरातून निघावं, लिफ्टने उतरावं, गाडीत बसावं आणि हवं तिकडे जावं, कुणाला काही न विचारता. मला दुसरं काही नको होतं. मॉड्युलर किचनकडे मी धड बघितलंसुद्धा नाही.

विक्रीच्या ऑफिसात एक तरुण होता. उकाड्यातही त्याने टाय गळ्याशी घट्ट आवळलेला, म्हणून मी त्याचं नाव टायवाला ठेवलं. तो म्हणाला, “ताई, तुमचं पार्किंग सतरा नंबर. नकाशात आहे, अठ्ठ्याण्णव इंच रुंद. काळजीच नको.”

“नकाशा तुमचा, माप माझं,” मी म्हटलं आणि पर्समधून टेप काढली.

तळघरात सतरा नंबर दोन जाडजूड खांबांच्या मधे होता. खांबापासून खांबापर्यंत त्र्याऐंशी इंच भरले. टायवाल्याने सांगितलं की नकाशात माप खांबाच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरतात. म्हणजे मधलं सिमेंटही माझ्याच जागेत मोजलेलं. मी त्याला दोन शब्द सुनावले, पण मनातून खूशच होते, कारण आमची गाडी त्रेसष्ट इंच होती. तिचं माप मी सकाळीच घेतलं होतं. वीस इंच शिल्लक! एवढा सैल झगा शिवला तर त्यात दोघी मावतील. रविवारी करारावर सही करते असं सांगून मी घरी आले.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. चहाचा कप खाली ठेवला.

“गाडी मावली. छान झालं. मी कुठून उतरू? डिकीतून?”

मी कपाळाला हात लावला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. कपडा नुसता अंगाला बसून भागत नाही, त्यात हात वर करता आला पाहिजे, खाली बसता आलं पाहिजे, हे मी शिकायला येणाऱ्या मुलींना पहिल्या दिवशी सांगते. आणि मीच गाडीचं माप घेतलं ते दारं बंद करून. बाबांचा पाय वाकत नाही. त्यांना दार सताड उघडं लागतं, तेव्हा कुठे तो पाय बाहेर येतो.

“मी पुन्हा मोजून येते,” मी म्हटलं.

“तू मोजून काय होणार? गिऱ्हाइकाशिवाय ट्रायल घेतेस का कधी? मी येतो.”

“बाबा, चोपन्न पायऱ्या आहेत.”

“उतरायच्या आहेत ना? बसून उतरेन. चढायचं कसं ते संध्याकाळी बघू.”

रविवारी ते खरंच बसून उतरले. एक पायरी, मग पुढची, पाय समोर ताठ धरून, पँटची मागची बाजू झिजवत. पाऊण तास लागला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू मदतीला धावल्या, तर म्हणाले, “काकू, वाट द्या, गाडी मागे घेता येत नाही.” मी मागून हसत होते आणि डोळेही पुसत होते.

स्टिअरिंग हातात आल्यावर त्यांनी गाडी थेट नव्या इमारतीच्या तळघरात आणली. सतरा नंबरमधे त्यांनी गाडी अशी सरळ घातली की टायवाल्याने मान डोलावली. मग त्यांनी दार उघडलं. दार वीतभर उघडलं आणि खांबाला टेकलं.

“काका, डावीकडे दाबून घ्या,” टायवाला म्हणाला. बाबांनी घेतली. आता दीड वीत. “मग उलटी लावा.” उलटी लावली. दुसरा खांब बरोबर दारावर.

“बाळा, आता तू बसून दाखव,” बाबा खिडकीतून म्हणाले. तो टाय सैल करत राहिला.

तिथे सही करायला आलेली आणखी दोन कुटुंबं उभी होती. त्यातल्या एका बाईंनी माझ्याकडे हळूच टेप मागितली आणि आपली जागा मोजायला गेल्या. हे बघितल्यावर मात्र टायवाल्याने साहेबांना फोन केला. साहेब म्हणजे इमारत बांधणारे बिल्डर स्वतःच.

साहेब आले. मोठा माणूस, आवाज मऊ. “बाई, करारात एक पार्किंग असं लिहिलंय. एक पार्किंग दिलंय.”

“मग ती चार नंबरची जागा द्या.” मी लिफ्टशेजारी बोट दाखवलं. तिथे एका बाजूला खांबच नव्हता.

“ती राखीव आहे.”

“कुणासाठी?”

“साहेबांच्या मेहुण्यांसाठी,” टायवाला बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. टेप घेतलेल्या बाई मोठ्याने हसल्या.

साहेबांनी हसण्याकडे दुर्लक्ष केलं. “आज सही करा. ताबा देताना पार्किंगचं काहीतरी बघू. माझा शब्द आहे.”

“शब्दावर मी बटणसुद्धा लावून देत नाही,” मी म्हटलं. “चार नंबर लिहा, खांब सोडून किती इंच ते लिहा, मग सही.”

“तुमची मर्जी. या घरासाठी तीन जण थांबलेत. उद्या ते जाईल.”

सहा महिन्यांत मी अकरा इमारती बघितल्या होत्या. आमच्या ऐपतीत बसणारी, लिफ्ट तळघरापर्यंत नेणारी ही एकच होती. हे गेलं तर बाबा पुन्हा खिडकीत, आणि किती वर्षं ते मला ठाऊक नव्हतं. सही करून टाकावी, असं वाटलंच मला. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात गाडी सुरू झाली. बाबा सतरातून बाहेर आले, साहेबांना जराही धक्का न लावता त्यांच्या अगदी जवळून वळले आणि चार नंबरमधे जाऊन थांबले. दार सताड उघडलं. आधी उजवा पाय बाहेर आला. मग दोन्ही हातांनी त्यांनी डावा पाय उचलला, ताठच, आणि जमिनीवर ठेवला. मी धावले.

“हात नको,” ते म्हणाले.

दाराची कड धरून ते उठले, आणि मग त्यांनी दारही सोडलं. दीड वर्षात मी त्यांना जमिनीवर असं उभं बघितलं नव्हतं. इतके उंच आहेत हे मी विसरूनच गेले होते.

“ओ, गाडी काढा तिथून,” साहेब म्हणाले. आता आवाज मऊ नव्हता.

“काढतो की. कागदावर चार लिहिलं की काढतो.”

“आणि सतरा कुणाला देऊ?”

“मेहुण्यांना द्या. त्यांचे पाय वाकत असतील.”

कुणी हसलं नाही. दोन्ही कुटुंबं येऊन गाडीशेजारी उभी राहिली. टेपवाल्या बाई म्हणाल्या, “आमचंही इंचात लिहा, नाहीतर आम्हीही सही करत नाही.” साहेबांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मग टायवाल्याकडे, आणि हात पुढे केला. टायवाल्याने इतक्या घाईने पेन दिलं की ते खाली पडलं.

साहेब गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला लागले. मी इंच सांगत होते. रागाने त्यांचा हात भरभर चालला होता.

“सावकाश लिहा, साहेब,” बाबा म्हणाले. “मला उभं राहायला बरं वाटतंय.”