चांगदेवी

मीना नदीतल्या वाम माशाच्या पोटात सापडलेल्या एका जंताला वडिलांचं नाव द्यायचं, असं तेजस्विनीनं ठरवून टाकलं. लोक वडिलांच्या नावानं पाणपोई घालतात, हिला जंत सुचला. पण ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, चपट्या जंतांच्या जाती ओळखायची. तिच्याकडे देण्यासारखं दुसरं होतं तरी काय?

वाम गळाला लावून आणायचे तिचे आप्पा, म्हणजे चांगदेव. आतडी तिची, रस्सा दोघांचा. तिच्या सूक्ष्मदर्शकाला ते धाकटी दुर्बीण म्हणत, कारण थोरली, आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी, खोडदच्या रानात उभीच होती. यंदाचा जंत कुठल्याच माहीत असलेल्या जातीशी जुळेना. डोक्यावरचे अणकुचीदार आकडे वेगळे, मानेची ठेवण वेगळी. जात नवीनच निघाली, आणि आप्पा गावभर सांगून आले.

घोटाळा पुढं झाला. लॅटिनच्या नियमानं पुरुषाच्या नावाला शेवटी ‘ई’ लागते. चांगदेवचं झालं चांगदेवी. चहाच्या टपरीवाल्या कुंडलिकनं आरोळी ठोकली, “या चांगदेवी, बसा! ओटी भरू का?”

आप्पा तणतणत घरी आले. “तेजू, नाव बदल. जंताचं काय न्हाई गं, पर मिशावाल्याची बाई केलीस तू!”

नव्या जातीवरचा लेख आजच पाठवायचा होता. नाव बदलणं सोपं होतं, पण तिला दुसरं नाव नकोच होतं. आणि आप्पांना दुखवून हेही नको होतं. तिनं त्यांना हाताला धरून धाकट्या दुर्बिणीपुढं बसवलं.

“उसासारखी पेरं दिसतात?”

“दिसत्यात.”

“त्यातलं एक बघा. हे बारीक गोळे नराचे. खाली त्या दोन पाकळ्या मादीच्या.”

“मंग ह्यो नर का मादी?”

“दोन्ही. एकेका पेरात बापही तोच, आईही तीच.”

आप्पांनी डोळा काढला नाही. तेजू पाळण्यात असताना तिची आई गेली. तेव्हापासून तिच्या वेण्या आप्पांनी घातल्या, वाकड्या का होईना. ती मोठी झाली त्या दिवशी मेडिकलमधून कागदात गुंडाळलेला पुडा आणला तोही त्यांनीच, मान खाली घालून. तेजस्विनीला हे सगळं बोलायचं होतं.

“म्हणून तुमचं नाव, आप्पा,” एवढंच ती म्हणाली.

डोळा काढून आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. “पाठव.”

सकाळी तेजूच्या स्कूटीवर मागं बसून ते टपरीपर्यंत आले. कुंडलिक तयारच होता. “काय चांगदेवी!”

“आले बाबा,” आप्पा ऐटीत बाकावर बसत म्हणाले, “ओटी भरनार व्हतास न्हवं? आन नारळ.”