सवतीचा टाक

सुगंधाबाई पाटाची बायको, विधवेचं दुसरं लग्न लागून आलेली. पारोळ्याजवळच्या खेड्यात झिपरूच्या घरी येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. ती चोवीस वर्षांची, तो तिशी ओलांडलेला. त्याची पहिली बायको झुंबरबाई तापाने गेली होती, आणि रीतीप्रमाणे तिच्या नावाचा चांदीचा टाक, छोटा कोरीव पत्रा, आता सुगंधाच्या गळ्यात होता.

पाटाच्या बाईला कोणी काही सांगत नाही. नव्या नवरीला निदान मावशी-आत्या बाजूला घेऊन दोन शब्द कानात घालतात. हिला काय सांगायचं, ही तर एकदा नांदून आलेली! नांदून कसली? सात वर्षांची असताना लग्न लागलं, आणि सासर बघायच्या आतच नवरा पटकीने गेला. पण एवढं ध्यानात ठेवायला गावाला कुठे सवड? विधवा म्हणजे सगळं जाणणारी, संपलं.

झिपरूही तेच धरून जवळ आला. बोलणं नाही, विचारणं नाही. तोंडाला तंबाखूची घाण, अंगाला घामाचा आंबूस वास. दुखलं तशी ती दात चावून पडून राहिली, आणि टाक गळ्यात रुतत राहिला. सकाळी तिने राखेने अंग घासघासून धुतलं, तरी किळस जाईना. त्याची किळस, खाटेची किळस, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची. बाकीच्या बाया हसून नांदतात, तेव्हा खोट आपल्याच अंगात असणार, असं तिला वाटलं. सासूला, भिकुबाईला, तिने चाचरत सांगून पाहिलं.

"तुले काय नवं शे?" एवढं म्हणून सासू पुन्हा ज्वारी पाखडू लागली. असल्या शहाणपणाला काय जाळायचंय!

सुगंधाने मनाशी ठरवलं, उद्या धरणगावला माहेरी निघून जायचं. पाट मोडला तर मोडला.

त्या दुपारी दोघं कापूस वेचत होती. झिपरू शेजारच्या ओळीत आला की ती उठून पलीकडच्या ओळीत जायची. शेवटी त्याने चिडून विचारलं, माझा एवढा विटाळ का? मग तिला राहवलं नाही.

"मन्हा नवरा मरना तवय मी सात वरीसनी व्हतू," ती म्हणाली. "मी त्यानं तोंडबी देखं नही. माले काहीच माहीत नव्हतं. माले दुखस. माले किळस येस. तुम्ही इचारंच नही."

झिपरूच्या हातातली बोंडं खाली पडली.  मग त्याची नजर तिच्या गळ्यातल्या टाकावर गेली, आणि त्याचा चेहरा ओकारी आल्यासारखा झाला.

"तीबी आशीच दात चावीसन पडी ऱ्हाये," तो म्हणाला. "माले वाटे, तिनी खोड शे."

झुंबरबाई विशी उलटल्यावर या घरात आली होती आणि चार वर्षं नांदली होती. चार वर्षं!  झिपरूची सुगंधाला आणखीच किळस आली, पण खोट आपल्यात नव्हती हेही तिला पक्कं कळलं.

"बाहेर वट्टावर निजा," माहेरचा विचार बाजूला सारून ती म्हणाली. "मी बलावसू तवयच येवानं."

झिपरूने होकाराची मान हलवली. सुगंधाने गळ्यातला टाक मुठीत घट्ट धरला आणि त्या बाईसाठी पोटभर रडली.