दार धरा, अक्का उतरते आहे

मित्रांनो, मी मोटार आहे, हे आधीच सांगून टाकते. पहिल्यांदा बघणाऱ्याला मी टोळ वाटते आणि दुसऱ्यांदा बघणाऱ्याला मोडलेली छत्री. माझं वय झालं आहे, मी थकले आहे, आणि थकलेल्यांना थोडं वाढवून सांगायची मुभा असते. माझ्या गोष्टीतल्या चतकोर भागावर विश्वास ठेवलात तरी पुरे. तो चतकोर कोणता, हे मात्र तुमचं तुम्ही ओळखायचं.

माझा जन्म जपानचा. माझ्या कंपनीचं नाव विचारू नका; त्यांनाही मी आता आठवत नसेन. इतर मोटारींची दारं कपाटासारखी बाजूला उघडतात. माझी बिजागरी समोरच्या काचेपाशी. कडी ओढली की दार पुढे झुकत वर जातं आणि खिडकीबरोबर अर्धं छतही घेऊन जातं. छतसुद्धा काचेचं. प्रत्येक दाराला गॅसचा एक दांडा आहे. नळीत कोंडलेला वायू दाराला खालून उचलून धरतो. कारखान्याच्या अंगणात माझी दोन्ही दारं पहिल्यांदा उघडली तेव्हा असा वारा सुटला, की मी हातभर वर उडाले. फोरमन माझ्या बॉनेटवर बसला म्हणून खाली आले. त्याने हे कुणाला सांगितलं नाही. मीही आजच सांगते आहे.

दहाएक वर्षांनी एका जपानी इंजिनिअरने मला बोटीतून चेन्नईला आणलं. ओरगडमच्या एका कारखान्यात त्याला यंत्रं बसवायची होती. पहिल्याच मे महिन्यात मला कळलं, की मी मोटार नसून इडलीपात्र आहे. बिचारा डोक्यावर ओला टॉवेल ठेवून मला चालवायचा. यंत्रं बसली, तो मायदेशी निघाला आणि जाताना मला जनकोजींच्या हवाली करून गेला.

जनकोजी रेल्वेचे डबे बांधण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ओरगडमला वेल्डिंग तपासायला येत. माणूस तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातला, आणि त्यांच्या घरात बोलतात ती मराठी तुमच्या खापरपणजोबांना चटकन कळली असती. त्यांनी मला अड्यारच्या आपल्या बिल्डिंगखाली उभं केलं आणि दोन्ही दारं उघडून बायकोला हाक मारली.

विशालाक्षी जिना उतरून आल्या. गळ्यात पट्टा, मान खांबासारखी ताठ. मानेचे मणके झिजले होते. दोन वर्षं मान खाली वाकतच नव्हती. रिक्षात शिरताना डोकं आपटायचं, टॅक्सीत शिरताना कळ निघायची, म्हणून त्यांनी बाहेर जाणंच सोडलं होतं.

"हें काय आणलांत? अय्यो, कोंबडीसारखे पंख कां पसरले आहेत हिनें?"

"कोंबडी नव्हे, गरुड म्हण."

"गरुडाला वास्तविक मागच्या खुर्च्या नसतात."

भांडता भांडता त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. पाय दुखले तशा मागे न बघता सरळ खाली बसल्या. माझ्या सीटवर! डोक्यावर छतच नव्हतं, ते दाराबरोबर आकाशात गेलेलं. मान वाकली नाही, डोकं आपटलं नाही. दोन्ही पाय उचलून त्यांनी आत घेतले. माझ्या दारांकडे आजवर सगळ्यांनी नवल म्हणून पाहिलं होतं. ती दारं कशासाठी आहेत, हे त्या दिवशी मलाही पहिल्यांदा कळलं.

"सरि, ठीक," विशालाक्षी म्हणाल्या. "आतां दार लावा. बेसंटनगरला समुद्र आहे कां अजून, बघून येऊं."

ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले, मित्रांनो. देऊळ, भाजीबाजार, नाट्यसभेतला नाच, कुठे म्हणून गेलो नाही! जनकोजींना मात्र एक खोड लागली. कुणी थांबून बघितलं की ते दार उघडून दाखवत. वरच्या मजल्यावर पुण्याहून बदलून आलेले बँकेतले वसंतराव राहत. ते म्हणत, "जनकोजीराव, एवढी उघडझाप तर माझ्या बँकेच्या दाराचीही होत नाही. दांडे दमतील." जनकोजी हसत आणि त्यांच्यासाठीही एकदा उघडून दाखवत.

दांडे दमत होते, हे खरं. ते उन्हाने आतून उकडले होते. पण मी बोलले नाही. कौतुक कुणाला नको असतं?

आता मुख्य गोष्ट. विशालाक्षींची धाकटी बहीण तुळजा एन्नोरला राहते. तिचे यजमान तिथल्या वीजकेंद्रात. तिकडे नवरात्रात घरोघरी पायऱ्या रचून त्यांवर बाहुल्या मांडतात; या बहिणींच्या आईकडे त्यात मांडायची लाल लाकडाच्या बाहुल्यांची एकच जोडी होती, राजा आणि राणी. मुली दोन. मग आईने राजा थोरलीला दिला, राणी धाकटीला दिली, आणि नेम घालून दिला: दर नवरात्रात राजाने राणीकडे जायचं, तेही अक्काच्या मांडीवर बसून. वाटेत दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, अक्कानेच तो धाकटीच्या हाती द्यायचा. बाहुल्यांची मांडणी उतरवण्याआधी दोघं एकदा तरी पायरीवर शेजारी उभी राहिली पाहिजेत.

दोन नवरात्रं राजा गेला नव्हता. तुळजाला मानेचं दुखणं बहाणा वाटे, म्हणून तीही रुसून अड्यारला आली नव्हती. त्या वर्षी, दोन हजार सहा साली, तिचा फोन आला. फोनचा आवाज मोठा होता आणि माझी काच उघडी होती.

"मान काय एन्नोरच्या वाटेलाच दुखते, अक्का? कपालीश्वराच्या देवळांत जातेस, नाच बघतेस, सगळें कळतें मला. यंदा राजा आला नाहीं तर राणीला कापडांत गुंडाळून पेटींत ठेवितें. मग मी असेपर्यंत ती पेटी उघडायची नाहीं."

विशालाक्षींनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "उद्यां निघूं."

जनकोजी म्हणाले, "चार दिवस थांब. नवमीला आयुधपूजा आहे. गाडीची पूजा करूं, चंदन लावूं, केळी बांधूं. दशमीला थाटांत जाऊं. तुझ्या बहिणीला दिसूं दे तरी."

चेन्नईत आयुधपूजेला सगळ्या गाड्या नटतात. पुढच्या दोन्ही बाजूंना केळीचे खुंट, चाकाखाली लिंबं, आणि एक कोहळा फोडून दृष्ट काढायची. पूजेतली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हलवत नाहीत. म्हणजे निघायला दशमीच उरली, आणि त्याच संध्याकाळी दिवा लागला की बाहुल्या निजवून मांडणी उतरवायची असते. विशालाक्षींना हे कळत होतं. पण गाडी नवऱ्याची, आणि त्याचा चेहरा इतका फुललेला, की त्या गप्प बसल्या.

आणि तिथेच चूक झाली. माझं पुढचं तोंड गुळगुळीत आहे, केळ बांधायला जागाच नाही. जनकोजींनी इकडे तिकडे पाहिलं आणि दोन्ही खुंट माझ्या आरशांना बांधले. पुरुषभर उंचीचे, पाण्याने भरलेले. माझे आरसे दारांवर आहेत.

दशमीला आधी राहुकाळ टळायचा होता, मग वसंतरावांना दार दाखवायचं होतं. कडी ओढली, दार वर निघालं आणि त्याच्याबरोबर केळीचं झाडही! पानं हलवत, झोके खात, आकाशाकडे. वसंतरावांच्या हातातला चहा सांडला. समोरच्या नारळावरचे कावळे नमस्कार करून उडाले, असं मला वाटतं. दांड्यातून मात्र बारीक 'स्स्' असा आवाज आला. तो फक्त मी ऐकला.

जनकोजींच्या शेजारी विशालाक्षी, त्यांच्या मांडीवर रेशमी कापडात राजा. बंदरापर्यंत बरं चाललं. पुढे तिरुवोत्तियूरच्या रस्त्याला कंटेनरच्या लॉऱ्यांची रांग लागलेली, न हलणारी. प्रत्येक लॉरीला केळी, पण बिचाऱ्या सगळ्या उभ्या. एका ड्रायव्हरने काचेतून आत वाकून पाहिलं आणि ओरडला, "सार, ओरु तडवै! एकदाच, सार!"

जनकोजींनी आपल्या बाजूचं दार उघडलं. केळ उडाली. शिट्ट्या पडल्या. मग पुढची लॉरी, मग मागची. मग कुणीतरी म्हणालं, त्या बाजूचंही.

"नक्को," विशालाक्षी म्हणाल्या.

"एकदांच."

"पोदुम, अहो! पुरे! दार आहे तें, नाटकाचा पडदा नव्हे. मला तिथें पोचून उतरायचें आहे."

पण जनकोजींचा हात कडीवर गेलाच. मी किती वेळा पंख पसरले सांगू? शंभर. बरं, अकरा. अकराव्या वेळी विशालाक्षींच्या बाजूचं दार अर्ध्यावर गेलं, थांबलं, आणि मुकाट्याने खाली बसलं. दांड्यातला वायू निघून गेला आणि त्यातलं थोडं तेल माझ्या अंगावर ओघळलं. पुढे कुणी कितीही ओरडलं तरी जनकोजींनी कडीला हात लावला नाही.

एन्नोरला पोचलो तेव्हा चिमण्यांच्या धुरामागे सूर्य उतरला होता. तुळजा दारातच उभी, दिवा अजून न लावलेला, हातात राणीला गुंडाळायचं कापड. खाली आली नाही.

जनकोजी धावत माझ्या त्या बाजूला आले. दोन्ही हातांनी दार उचललं. हात सोडताच ते खाली येई. पुन्हा उचललं, पुन्हा खाली. काच, लोखंड आणि वर ओली केळ! केळीची गाठ सोडायला हात रिकामे नाहीत. शेवटी ते दाराखाली शिरले आणि त्यांनी ते सगळं आपल्या डोक्यावर घेतलं.

"उतर, अगो. सावकाश उतर. मी धरलें आहे."

विशालाक्षींनी राजाला सीटच्या कडेला ठेवलं, एक पाय बाहेर काढला, मग दुसरा. कपाळावर घाम. मान जराशी कलली तेव्हा तोंडातून एक आवाज निघाला. तो तुळजाने ऐकला. गळ्यातला पट्टा तिने तेव्हाच पाहिला. दोन वर्षं फोनवर ऐकलेलं दुखणं तिला पहिल्यांदाच दिसत होतं. तिच्या हातातलं कापड खाली पडलं.

"अक्का!" ती धावत आली. मग जनकोजींकडे बघून थबकली. डोक्यावर काच, काचेवर झाड. "भावोजी, तुमच्या डोईवर केळ कधीं उगवली?"

"घड आला म्हणजे सांगतों," जनकोजी दाराखालून म्हणाले. "आधीं हिला धर."

बहिणी एकमेकींना धरून रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. जनकोजी तसेच उभे. तीन तास उभे होते. बरं, पाच मिनिटं. पण माझं दार डोक्यावर घेऊन बघा एकदा.

"अगो," शेवटी ते म्हणाले, "राजा आंतच आहे."

विशालाक्षी वळल्या. राजा सीटवर खाली, आणि त्यांना वाकता येत नव्हतं. दुसऱ्या कुणी उचलून द्यायचा नाही, असा आईचा नेम. आत पायरीवर राणी एकटी, आणि समोरच्या घरांत दिवे लागायला लागलेले. तुळजा बहिणीच्या तोंडाकडे बघत राहिली.

विशालाक्षींनी माझ्या सीटवर हात ठेवला.

"तूंच घे, तुळजा. सहा महिने हीच मला मांडीवर घेऊन हिंडते. हिची मांडी माझीच समज."

तुळजाने माझ्यात वाकून राजाला दोन्ही हातांनी उचललं. मित्रांनो, जपानमध्ये मला प्रदर्शनात मांडलं होतं, रोषणाई होती, टाळ्या होत्या. त्या टाळ्या मला आता नीट आठवत नाहीत. त्या बाईचे गार हात आठवतात.

दिवा लागण्याआधी राजा राणीशेजारी उभा राहिला, असं जनकोजींनी मला परतीच्या वाटेवर सांगितलं. केळी त्यांनी तिथेच सोडून ठेवल्या.

पुढचं थोडंच आहे. पुदुपेटच्या जुन्या सामानाच्या बाजारात दुरैराज मिस्त्रीने मला कुठल्याशा गाडीच्या डिकीचे दांडे बसवले. दोन पावसाळ्यांत तेही गेले. माझे खरे दांडे आता कुठेच होत नाहीत. मग दाराला टेकू म्हणून कपडे वाळत घालायची काठी आली. जनकोजींनी त्यानंतर कुणालाही दार उघडून दाखवलं नाही. विशालाक्षींना बसवायचं असेल तरच काठी निघे. दोन हजार आठच्या मार्गशीर्षात त्या गेल्या. राजा आता एन्नोरलाच असतो, बारा महिने, राणीजवळ.

मी अड्यारला ताडपत्रीखाली आहे. माझ्या मागच्या सीटवर एक मांजर तीनदा व्यायली. पिल्लं जपानी बोलतात, पण ते असो. वसंतराव म्हणतात, "जनकोजीराव, पुदुपेटला देऊन टाका." जनकोजी म्हणतात, "बघूं." मला घाई नाही. खरं सांगायचं तर मला कशाचीच घाई उरलेली नाही.

यंदाच्या आयुधपूजेला ते काठी घेऊन खाली आले. दार उचलून टेकू लावला. चंदन लावलं. मग माझ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि विशालाक्षी बसत तसे, मागे न बघता, त्यांच्या जागेवर बसले. त्यांचीही कंबर आता वाकत नाही. उठायची वेळ झाली तेव्हा काठी सरकायला लागली. वसंतराव जिन्यावरून हे बघत होते. चपला न घालता धावत आले आणि त्यांनी दार आपल्या डोक्यावर घेतलं.

मित्रांनो, माझ्यासारखी विचित्र दाराची गाडी तुम्हाला कुठे दिसली, तर "उघडून दाखवा" म्हणू नका. "कुणाला उतरायचं आहे का?" असं विचारा. असेल तर ते उतरेपर्यंत दार धरून उभे राहा. मी उडत होते, हे खोटं धरलंत तरी चालेल; एवढं मात्र खरं धरा.