पाण्यापासून जपायची बॅग

मी एक जुनी लॅपटॉपची बॅग आहे, मित्रांनो. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं. पण आजवर पोटात काय काय वागवलं ते आठवलं, की माझं मलाच कळेनासं होतं. लोणच्याच्या बरण्या, घरातल्या सपाता, लोकरीचे गुंडे, एकदा तर कोंबडीचं जिवंत पिल्लू. लॅपटॉपही होता, पण त्याला यायला वेळ लागला.

माझा जन्म गाब्रोवो नावाच्या गावात, नदीच्या पुलाजवळ, ल्यूबेनकाकांच्या दुकानात झाला. तपकिरी चामडं, आत करड्या लोकरीचं अस्तर आणि मेण लावलेल्या दोऱ्याची हातशिलाई. काका शिवता शिवता मला एकच गोष्ट बजावायचे, "पाण्यापासून जप. चामड्याचा वैरी पाणी." जगातली एवढी एकच गोष्ट मला नीट कळली होती.

पुढे आठ महिने मी फळीवर होते. लोक यायचे, 'काय देखणी आहे' म्हणायचे आणि कमरेचा पट्टा घेऊन जायचे. इतकं कौतुक करून सोडून का जातात, हे मला कोडं होतं. मग एका शनिवारी नेव्हेनाबाई आल्या. वय त्रेपन्न. सव्वीस वर्षं त्यांनी कारखान्यात शर्टांच्या कॉलरी शिवल्या होत्या. कारखाना बंद पडला तेव्हा पोरासोरांच्या रांगेत बसून कॉम्प्युटर शिकल्या. आता कपडे विकणाऱ्या एका कंपनीत गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहायचं काम मिळालं होतं. तीन महिने पारखून बघणार, पसंत पडल्या तर कायम करणार आणि त्या दिवशी हातात लॅपटॉप देणार, असं ठरलं होतं.

त्यांनी मला उलटं केलं, अस्तर बाहेर काढलं आणि नखाने एकेक टाका दाबून पाहिला.

"अहो बाई, बॅग घेताय की माल तपासताय?" काका म्हणाले.

"सवय हो. तीन आठवडे बाजार पालथा घातला. दिसायला सगळ्या राण्या, आत बघावं तर शिलाई उसवायला टेकलेली." मग आवाज खाली आला. "तिथे सगळ्या पोरी विशीच्या आहेत, काका. मला बघून म्हणतील, ही कुणाची आई आली? निदान हातातली बॅग तरी तिथली वाटू दे."

"मग, देऊ ही?"

बाईंनी मान डावीउजवीकडे हलवली. आमच्याकडे याला होकार म्हणतात, पण मी नवखी होते. मी नकार समजले, आणि कागदात गुंडाळली गेले तेव्हा चांगलीच घाबरले.

घरी त्यांच्या सासूबाई, स्तोयनाआजी, मला बघून हसल्या. "घोड्याचा पत्ता नाही आणि खोगीर आधी," म्हणाल्या. मला त्यातलं काही कळलं नाही. पण सोमवारी सकाळी बाई निघाल्या, तेव्हा आजी तांब्याची लहान कळशी घेऊन दारात उभ्या होत्या. आमच्याकडे कुणी परीक्षेला किंवा नव्या कामाला निघालं, की घरातलं वडीलधारं माणूस उंबऱ्यासमोर पाणी ओततं. त्यावरून चालत जायचं, म्हणजे काम पाण्यासारखं वाहतं. आजींना नीट दिसत नव्हतं आणि हातही कापत होता. सगळी कळशी माझ्यावर आली.

"आई, काय केलंत हे! नवी कोरी होती," बाई रडकुंडीला आल्या.

"ओली झाली ना? मग झालं तर," आजी शांतपणे म्हणाल्या. "जा आता. मागे वळून बघू नकोस."

मी तर पार गोंधळले. काकांनी ज्याला वैरी म्हटलं होतं, तेच आजींनी प्रेमाने माझ्यावर ओतलं होतं. दोघांतलं कोण खरं?

वाळल्यावर माझ्या अंगावर तळहाताएवढा काळपट डाग उरला. बाई ती बाजू अंगाकडे धरून चालू लागल्या. मला लाज वाटायची. लॅपटॉप नव्हताच, कचेरीत टेबलावर मोठा कॉम्प्युटर होता आणि माझ्या पोटात सपाता आणि जेवणाचा डबा. बाईंची बोटं कीबोर्डवर हळू चालायची. दोनदा त्या जिन्यात बसून माझ्यावर कपाळ टेकून रडल्या. आता या बाईंना घरी पाठवणार, आणि मलाही फळीवर, हे मला दिसत होतं.

एकदा एका गिऱ्हाइकाने रागाने लिहिलं, की कोटाची बाही पहिल्याच दिवशी उसवली. ठरीव उत्तर होतं, 'परत पाठवा.' बाईंनी माफी मागून बाही घरी कशी शिवायची, दोरा कुठून घालायचा, ते सगळं सविस्तर लिहिलं. मला वाटलं, संपलं आता. त्या माणसाने बाही शिवली, फोटो पाठवला आणि आणखी एक कोट मागवला.

तीन महिने भरले त्या दिवशी कामेन नावाचा त्यांचा तरुण साहेब टेबलापाशी आला. "हा घ्या तुमचा लॅपटॉप. बॅग आहे ना?"

"तीन महिने रोज आणतेय, बाळा," बाई म्हणाल्या.

तो थंडगार, चपटा पाहुणा माझ्या अस्तरात अगदी बरोबर बसला. तेव्हा मला कळलं, मी कशासाठी शिवलेली होते. घरी आजींनी चाचपत माझ्या डागावर हात ठेवला. "पाणी वाया गेलं नाही," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून बाई डागाची बाजू बाहेर धरून चालू लागल्या.

पाच वर्षांनी आजी गेल्या. त्यानंतर माझा पट्टा तुटला, म्हणून बाई मला काकांकडे घेऊन गेल्या. डाग बघून काका माझ्यावरच चिडले. "सांगितलं होतं ना, पाणी नको म्हणून? आणा, घासून काढतो."

"पट्टा तेवढा बदला," बाई म्हणाल्या. "डागाला हात लावायचा नाही."

मग कंपनीने नवी हलकी बॅग दिली आणि मी कपाटावर, रिकाम्या बरण्यांमागे गेले. चार हिवाळे तिथेच काढले. अंगाला बुरशी आली. मला वाटलं, विसरले सगळे.

गेल्या वसंतात बाईंची मुलगी एलित्सा गुरांची डॉक्टर झाली. तिने मला खाली काढलं, मेण चोळलं आणि कामाच्या पहिल्या दिवशी खांद्याला लावलं. दारात तीच कळशी घेऊन नेव्हेनाबाई उभ्या होत्या. आता त्यांचाही हात थोडा कापत होता.

"बॅग बाजूला घे गं," त्या म्हणाल्या. "चामडं आहे."

एलित्साने मला खांद्यावरून काढलं आणि दोन्ही हातांनी आईसमोर धरलं.

"ओत," ती म्हणाली.

मित्रांनो, चामड्याच्या वस्तू पाण्यापासून जपा. मेण लावा, कपाटावर टाकून विसरू नका. काकांचं खरंच आहे, पाणी आमचा वैरी आहे. पण घरातून निघताना दारात कुणी कळशी घेऊन उभं असेल, तर मला बाजूला घेऊ नका.