माझ्याच कढईतलं सत्यलोणी

राजारामपुरीतल्या त्या मंगल कार्यालयात गुरुवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग रस्त्यावर रिक्षांच्या चाकांपर्यंत गेला होता. व्यासपीठावर शीतलनाथ महाराज, आणि त्यांच्यापुढं चांदीच्या तबकात बोराएवढ्या पांढऱ्याशुभ्र गोट्या. ह्याचं नाव सत्यलोणी. गोटी तळहातावर घ्यायची, मूठ मिटायची आणि एकशेआठ वेळा नाव घ्यायचं.

"वाडीच्या संगमावर बारा वर्षं गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून हे लोणी आम्हाला मिळालं," महाराज सांगत होते. "ह्याला गाय लागत नाही, म्हैस लागत नाही! खऱ्याच्या हातावर विरघळतं, खोट्याच्या हातावर दगड होतं. सायंटिस्ट लोक आले आणि डोकं धरून परत गेले!"

बारा वर्षं पाण्यात उभ्या माणसाला साधी सर्दी कशी झाली नाही, हे विचारायचं मला काही सुचलं नाही. तालमीतल्या एका पैलवानाच्या मुठीतून तेलाचा ओघळ आला, तसा तो ढसाढसा रडला. त्याला बघून मीही रडलो.

मी सोमशेखर. शिवाजी पेठेत दोन खोल्यांत टाचांच्या भेगांचं मलम बनवतो. शिक्षण बी.एस्सी., केमिस्ट्री. प्रमाणपत्र कढईच्या वरच टांगलंय. वाफेनं त्यावरचं नाव पुसत चाललंय, आणि ते बरंच झालं म्हणायचं.

झालं होतं असं, की माझ्या बायकोची, नीलम्माची, बोरमाळ कपाटातून नाहीशी झाली. घरात येणारी बाहेरची बाई एकच. अनुजा. सहा वर्षं माझी कढई सांभाळते. मग काय, मी लगेच फौजदार झालो! पुरावा शून्य, संशय शंभर टक्के. वर शहाणपणा करून तिच्या सासूच्या, धोंडुबाईच्या, कानावर घातलं. धोंडुबाईनं सुनेला सांगून टाकलं, "लोणी इरघळलं तर घरात पाय ठिव. न्हाय तर म्हायेरची वाट धर."

कार्यालयाच्या दारात एक सेवेकरी वही घेऊन बसला होता. "नाव? अडचण? संशय कुणावर?" मी सगळं सांगितलं. अनुजा कुठं बसली आहे आणि साडी निळी आहे, हेसुद्धा.

तिचं नाव पुकारलं गेलं. वहीवाला महाराजांच्या कानाशी वाकला. महाराजांनी तबकाच्या डाव्या कडेची गोटी उचलून तिच्या हातावर ठेवली. एकशेआठ नावं झाली. मूठ उघडली. गोटी जशीच्या तशी!

"चोर!" मागून कुणीतरी ओरडलं. धोंडुबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

"बाळ, कबूल कर," महाराज म्हणाले. "देव माफ करतो."

अनुजाचे डोळे भरून आले. पण तिचा अंगठा सवयीनं त्या गोटीवर फिरला. आमच्याकडं मलमाची प्रत्येक खेप ती अशीच नखानं खरवडून बघते. तिनं खरवडलं, वास घेतला आणि एकदम ताठ उभी राहिली.

"मालक, वर या."

"मी?"

"व्हय, तुमीच. या की!"

मी वर गेलो. ती महाराजांना म्हणाली, "हीच गोटी आता ह्यांच्या हातावर ठिवा. बोरमाळ ह्यांचीच गेलीया. हे तर चोर न्हाईत न्हवं?"

"उष्टं लोणी चालत नाही."

"उष्टं? मी काय चाटलंया व्हय?"

सभागृह हसलं. तिनंच गोटी माझ्या हातात कोंबली. मी एकशेआठ नावं घेतली, आणि मनात धाकधूक म्हणून वर आणखी अकरा. मूठ उघडली तर दगड! महाराजांनी आपले हात हळूच शालीत घेतले.

अनुजानं तबकाच्या उजव्या कडेची एक गोटी उचलली. थोड्याच वेळात तिच्याच मुठीतून ओघळ आला. "बघा, आता मी खरी झाले," ती म्हणाली. "लोकहो, हे लोणी न्हाय. सरकीचं तेल हाय. त्यात कारखान्यात हायड्रोजन वायू मुरवत्यात, मग ते गोठतंय. वनस्पती तूप हुतं तसंच. क्रीम लावल्यावर कातडं मऊ हुतंय न्हवं, ते ह्याच्यामुळं. वायू कमी मुरवला तर हाताच्या उबेनं वितळतंय, ते आमी थंडीच्या मलमात घालतो. पुरता मुरवला तर चुलीशिवाय वितळत न्हाय, ते उन्हाळ्याच्या मलमात. डावीकडं उन्हाळी, उजवीकडं थंडीचं. वहीवाला सांगंल तशी गोटी!" मग ती माझ्याकडं वळली. "आणि मालक, मागल्या म्हयन्यात ह्यांच्या मठाचा माणूस आलता, तवा दोन्ही डबं देवाचं काम म्हणून फुकट कुणी दिलं?"

मी दिले होते. वर त्या माणसाच्या पायाही पडलो होतो.

मला घाम फुटला. रुमालासाठी झब्ब्याच्या खिशात हात घातला. देवाधर्मालाच घालायचा तो झब्बा मी महिन्यानं अंगात घातला होता. हाताला एक चिठ्ठी लागली. दागिने दोऱ्यात गाठवणाऱ्या पटवेकऱ्याची. 'बोरमाळ एक, गाठवायला.' नीलम्माला न सांगता मीच दिली होती, आणि साफ विसरलो होतो.

चिठ्ठी परत खिशात ढकलायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण खाली धोंडुबाई पदर तोंडाला लावून बसली होती. मी चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"म्हंजे लोणी खरंच बोललं की! मालकच चोर!" पैलवान ओरडला.

नाही हो, पैलवान! ती गोटी अनुजाच्या हातावरही विरघळली नव्हती, आणि तुमच्या हातावरही विरघळली नसती. तिला चोर कळत नाही. तिला फक्त ऊब कळते.

महाराज मागच्या दारानं गेले. मी अनुजाच्या गल्लीत जाऊन, चारचौघांत, धोंडुबाईपुढं हात जोडून चूक कबूल केली. धोंडुबाईनं सुनेला हाताला धरून आत नेलं. दुसऱ्या दिवशी अनुजा कामावर आली, पण कढईखालची चूल पेटवण्याआधी म्हणाली, "म्हाराजाचं मला काय न्हाय. त्यो मला वळखतच न्हवता. तुमी सहा वर्सं वळखत हुता."

त्या दिवशी चूल मीच पेटवली. तुम्हाला एवढंच सांगतो. कुणाची अब्रू असल्या गोटीवर ठरवायची वेळ आली, तर ती गोटी आधी स्वतःच्या हातावर ठेवून बघा. आणि त्याच्याही आधी स्वतःचे खिसे तपासा.